पगार, बगीचा आणि प्राप्तिकर



नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालो की राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीचे आवार लागते. १९५७ साली प्राप्तिकर अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ही संस्था निघाली आणि आजही साऱ्या देशातले नवे अधिकारी तिथे धडे घेतात. कर घेणारे आपल्या गावात तयार होतात. मग कर देणाऱ्यानेही चार गोष्टी शिकून घ्यायला नकोत का? आज त्या चार गोष्टींविषयी बोलू.

आपल्याकडे एक वाक्य सगळ्यांना पाठ असते, ते म्हणजे ‘शेतीला कर नाही.’ ते खरे आहे, पण अर्धे खरे आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर बसत नाही. प्रश्न असा की, शेतीचे उत्पन्न म्हणायचे कशाला? आपल्या जमिनीतली संत्री, कापूस, तूर विकून आलेला पैसा हे शेतीचे उत्पन्न. रोपवाटिकेतल्या कलमांची विक्रीही त्यातच धरतात. पण दुसऱ्याचा बगीचा उभ्या बहरात विकत घ्यायचा आणि माल कळमन्याला नेऊन विकायचा, हा झाला व्यापार. दुधाचा धंदा, कोंबड्यांचा धंदा आणि बँकेतल्या ठेवीचे व्याज हीही शेती नव्हे. पैसा शेतातूनच आला होता, असे कुणी म्हणेल. पण ठेवीवरचे व्याज शेतात पिकत नाही, बरं का!

आता ज्यांच्याकडे पगार आहे आणि बगीचाही आहे, त्यांचे काय? असे शिक्षक आपल्या भागात पुष्कळ आहेत. १९७२ साली के. एन. राज समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९७३ च्या वित्त कायद्याने एक पद्धत आली. शेतीचे निव्वळ उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवण्यापुरते हिशेबात घेतात.

उदाहरण घेऊ. समजा, काटोल तालुक्यातले एक गुरुजी आहेत. प्रमाणित वजावट जाऊन त्यांचे पगाराचे उत्पन्न १३ लाख रुपये राहते. खत, फवारणी, मजुरी वजा जाता संत्र्याचे २ लाख उरतात. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी नुसत्या पगारावर कर होतो ७५,००० रुपये. आता बगीचा धरून हिशेब करू. १३ आणि २ मिळून १५ लाखांवर कर येतो १,०५,००० रुपये. मग करमुक्त ४ लाखांत शेतीचे २ लाख मिळवून ६ लाखांवरचा कर काढायचा. तो येतो १०,००० रुपये. पहिल्यातून दुसरा वजा केला की राहिले ९५,००० रुपये. म्हणजे २०,००० रुपयांचा फरक. वर शेकडा ४ उपकर वेगळा.

शाळेचा लिपिक पगारापुरताच कर कापतो; बगीच्याची त्याला काय कल्पना? तो फरक गुरुजींनी स्वतः भरायचा असतो. अशी बाकी १०,००० रुपये किंवा अधिक निघणार असेल, तर वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी आगाऊ कर भरावा लागतो, नाही तर व्याज पडते. शिवाय ‘सहज’ नावाचा सोपा फॉर्म अशा गुरुजींना चालत नाही, कारण त्यात शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच दाखवता येते. त्यांनी फॉर्म क्रमांक दोन घ्यावा.

दुसरा गैरसमज असा, की कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको. तसे नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून साधारणपणे कर उरत नाही. पण करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरलेच पाहिजे. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. एखाद्या वर्षी ती वाढते, जशी २०२५ साली सप्टेंबरपर्यंत गेली, पण त्या भरवशावर राहू नये. उशीर झाला तर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क पडते. आणि भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने किंवा अन्य मार्गाने पडताळणी करावी लागते. ती राहिली तर मुदतीत भरलेलेही मुदतीत भरले असे धरत नाहीत.

हे सगळे ऐकून काही जण म्हणतील, ‘आम्हाला हे जमणार नाही, कुणाला तरी देऊन टाकू.’ अवश्य द्यावे. त्यात कमीपणा नाही. सनदी लेखापाल, म्हणजे आपले सी.ए., हा १९४९ च्या कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. करविषयक काम करणारे वकील आणि सल्लागारही असतात. परंतु ‘देऊन टाकू’ हा शब्द मात्र सोडून द्यावा. काम दुसऱ्याकडे जाते, जबाबदारी जात नाही. विवरणपत्राखालची सही आपली असते.

हे का सांगतो? ‘तुमचा कापलेला कर परत मिळवून देतो, त्यातले इतके टक्के मला द्या,’ असे सांगत फिरणारे लोक असतात. जुन्या पद्धतीतल्या वजावटी ते मनाने लिहितात. न दिलेले घरभाडे, न केलेली देणगी, घरात कुणाला नसलेला आजार! परतावा खात्यावर येतो, गुरुजी खूष होतात, आणि दोन वर्षांनी नोटीस येते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने अशा मध्यस्थांवर देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते, असे खात्याने सांगितले. जाणूनबुजून खोटे लिहिल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, शिवाय कर आणि व्याज आहेच. तेव्हा तो मध्यस्थ शोधून सापडत नाही. हे विकतचे दुखणे होय.

म्हणून काम देण्यापूर्वी इतके करावे. फी आधी ठरवावी, आणि ती ठराविक रकमेत असावी. परताव्याच्या टक्क्यावर फी घेणे हे सनदी लेखापालांच्या आचारसंहितेलाच धरून नाही. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर मोबाईल क्रमांक, ई-मेल आणि बँक खाते आपलेच नोंदवलेले असावे. ओटीपी कशासाठी मागतात, ते विचारल्याशिवाय सांगू नये. फॉर्म सोळा, बँकेचे व्याज, आडत्याच्या पट्ट्या, खतांच्या पावत्या आणि सातबारा एका पिशवीत वर्षभर जपून ठेवावेत. संकेतस्थळावर आपल्या नावाचे वार्षिक माहिती विवरण असते. त्यात बँकांनी कळवलेले व्याज दिसते. ते एकदा पाहून घ्यावे.

विवरणपत्र तयार झाले की ते धाडण्याआधी वाचून दाखवायला सांगा. प्रत्येक वजावटीपुढे विचारा, ‘याचा कागद माझ्याकडे आहे का?’ नसेल तर ती ओळ खोडायला लावा. भरल्यावर प्रत आणि पोच घरी आणा. आणि चूक आधीच होऊन गेली असेल तर नोटिशीची वाट पाहू नका. मुदतीत सुधारित विवरणपत्र भरण्याची सोय कायद्यात आहे.

१९६१ चा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल १९६२ पासून चालत आला. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा झाला असून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. कलमांचे आकडे बदलले. ते सल्लागाराने लक्षात ठेवावेत. आपले उत्पन्न किती, ते कुठून आले आणि त्याचा कागद कुठे आहे, एवढे आपण लक्षात ठेवले म्हणजे पुरे. शिक्षकांनी गावातल्या दोघा-चौघांना हे समजावून सांगितले, तर परताव्याची आमिषे दाखवणारा माणूस त्या गावातून रिकाम्या हाताने परत जाईल.