घड्याळ चार्जिंगला लावण्याची बारा वर्षं

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे काळं प्लॅस्टिकचं घड्याळ १९८९ साली आलं. त्यातला नाण्याएवढा सेल सात वर्षं चालतो, असं कंपनी सांगते. हिशेब केला तर ते घड्याळ अवघ्या दीड-दोन मायक्रोॲम्पिअर विजेवर जगतं. आपल्याकडच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळांचा सेलही दोन-तीन वर्षं सहज पुरायचा, आणि तो बदलणं हे कोपऱ्यावरच्या घड्याळजीचं पाच मिनिटांचं काम असायचं. मग २०१३-१४ च्या सुमारास मनगटावर कॉम्प्युटर आला आणि रोज रात्री घड्याळ काढून चार्जिंगला लावायचं, ही नवी सवय लाखो लोकांनी मुकाट्याने लावून घेतली.

असं का झालं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘बॅटरी लहान असते ना!’ बॅटरी लहान असतेच, मनगटावर जागा तरी किती? पण गेल्या बारा वर्षांतली घड्याळं एकापुढे एक ठेवून पाहिली की हे उत्तर अपुरं वाटतं. या काळात बॅटऱ्या फार तर दुप्पट-तिप्पट झाल्या. टिकण्यातला फरक मात्र एका दिवसापासून महिनाभरापर्यंत पसरलेला आहे. तो फरक प्रोसेसरच्या निवडीने पाडला, आणि ती निवड करताना कंपन्यांनी घड्याळाला काय समजलं, यावर सगळं ठरत गेलं.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. २००० च्या सुमारास आयबीएमने मनगटावर लिनक्स चालवून दाखवलं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्पॉट तंत्रावर चालणारी घड्याळं एफएम रेडिओच्या लहरींवरून हवामान आणि बातम्या घेऊ लागली. दर दोन-चार दिवसांनी चार्ज कराव्या लागणाऱ्या त्या जाडजूड घड्याळांचा फारसा जम बसला नाही.

खरी सुरुवात पेबलपासून. एरिक मिजिकोव्स्की या तरुण अभियंत्याने एप्रिल २०१२ मध्ये किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले आणि लोकांनी एक कोटीहून अधिक डॉलर दिले. घड्याळं २०१३ च्या जानेवारीत लोकांच्या हाती पडू लागली. आतली बॅटरी दीडशे एमएएचपेक्षाही (मिलिॲम्पिअर-तास, बॅटरीच्या साठवणुकीचं माप) लहान, तरी दावा आठवडाभराचा, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला. कारण आत फोनची चिप नव्हतीच. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा कॉर्टेक्स-एम३ जातीचा मायक्रोकंट्रोलर होता. अशा चिपा वॉशिंग मशीनपासून कारखान्यातल्या यंत्रांपर्यंत सगळीकडे वापरतात. त्याची रॅम फक्त १२८ किलोबाइट, तीही चिपच्या आतच. जोडीला शार्पचा मेमरी एलसीडी होता. त्याच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःपुरती एक बिट स्मृती असते, त्यामुळे चित्र बदलत नसेल तर प्रोसेसरने सेकंदाला साठ वेळा ते पुन्हा पाठवावं लागत नाही. मिनिट बदललं की चिप जागी होई, काटा सरकवी, पुन्हा झोपी जाई. पडदा काळा-पांढरा होता, स्पर्श कळत नव्हता, चार बटणं होती. फोनवरचा निरोप मनगटावर दिसत होता आणि गाणं बदलता येत होतं. मला आजही वाटतं, स्मार्टवॉच म्हणजे काय याची सर्वांत नेमकी समज त्या पहिल्या पेबलमध्ये होती.

पुढच्याच वर्षी मोठे खेळाडू उतरले. मार्च २०१४ मध्ये गुगलने घड्याळांसाठीची अँड्रॉइड वेअर ही प्रणाली जाहीर केली, आणि जूनमध्ये एलजी जी वॉच व सॅमसंग गिअर लाइव्ह आली. दोन्हींत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ४०० ही चिप होती, म्हणजे सरळ मध्यम किमतीच्या फोनमधली. एलजीच्या घड्याळात ४०० एमएएचची बॅटरी होती, पेबलच्या तिप्पट, आणि रॅम ५१२ मेगाबाइट, म्हणजे पेबलच्या चार हजार पट. बॅटरी तिप्पट असूनही ते जेमतेम दिवसभर चालायचं.

यातलं गणित जरा जवळून पाहायला हवं. फोनची चिप ‘झोपते’ तेव्हाही पूर्ण झोपत नाही. तिची रॅम बाहेरच्या वेगळ्या चिपमध्ये असते आणि ती टिकवायला सतत थोडी वीज द्यावी लागते. विजेचं नियोजन करणारी आणखी एक चिप शेजारी असते, तीही खाते. जागं व्हायचं तर अख्खं अँड्रॉइड जागं होतं. मनगट जरा हललं, एखादा व्हॉट्सॲपचा निरोप आला, पावलांचा आकडा वाढला, की इतक्याशा कामासाठी सगळा संसार उठतो. दिवसातून असं शेकडो वेळा. मायक्रोकंट्रोलर हेच काम काही हजारांश सेकंदांत उरकतो आणि परत झोपतो. घड्याळ दिवसाचा बहुतांश वेळ काहीच करत नसतं. म्हणून त्याचं आयुष्य ठरतं ते काहीच न करताना किती वीज जाते यावर. फोनच्या चिपा निवडताना हीच गोष्ट बाजूला पडली.

त्या वर्षीचं सर्वांत देखणं घड्याळ मोटोरोलाचं मोटो ३६० होतं. गोल, धातूचं, सगळ्यांना हवंहवंसं. सप्टेंबर २०१४ मध्ये ते आलं, आणि आत निघाली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप ३६३० ही ४५ नॅनोमीटरची चिप (हा आकडा जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर बारीक आणि वीज कमी). २०१० च्या ड्रॉइड एक्स फोनमध्ये हीच वापरलेली होती. चार वर्षं जुनी फोनची चिप, ३२० एमएएचची बॅटरी, वर रंगीत पडदा. सुरुवातीच्या अनेक समीक्षकांची घड्याळं संध्याकाळीच मान टाकू लागली. नंतरच्या सॉफ्टवेअर अपडेटने थोडा फरक पडला, पण पुढच्या वर्षीच्या मॉडेलात मोटोरोलाने मुकाट स्नॅपड्रॅगन ४०० घेतली. एवढं सुंदर घड्याळ एका चिपने वाया घालवलं, याची हळहळ वाटते.

एप्रिल २०१५ मध्ये ॲपल वॉच आलं. लहान आकाराच्या घड्याळात २०५ एमएएचची बॅटरी आणि दावा अठरा तासांचा. ॲपलने घड्याळासाठी स्वतःची एस१ ही चिप बांधली आणि मनगट खाली गेलं की पडदा पूर्ण काळा करून टाकला. वेळ पाहायला हात झटकावा लागणारं घड्याळ, ही तक्रार तेव्हापासूनची. पुढे २०१९ च्या सीरीज ५ मध्ये पडदा सेकंदाला एकदाच ताजा होईल अशी सोय झाली आणि तो कायम चालू राहू लागला, तरी दावा अठराच तासांचा. जवळजवळ दरवर्षी नवी चिप, दरवर्षी बचत, आणि ती बचत दरवर्षी नव्या सोयींवर खर्च. ईसीजी आला, ऑक्सिजन मोजणं आलं, मोठा पडदा आला. साध्या मॉडेलसाठी अठराचा आकडा चोवीसवर जायला २०२५ ची सीरीज ११ उजाडावी लागली. हे अपयश नाही, तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता, आणि ॲपलच्या ग्राहकाने तो मान्यही केला. मला तो पटत नाही. झोप मोजणारं घड्याळ झोपायच्या वेळी चार्जरवर असेल, तर त्या सोयीचा उपयोग काय?

अँड्रॉइडच्या बाजूला मात्र २०१६ ते २०२० ही वर्षं निव्वळ वाया गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये क्वालकॉमने खास घड्याळांसाठी म्हणून स्नॅपड्रॅगन वेअर २१०० आणली. आकाराने लहान, पण तंत्र तेच २८ नॅनोमीटरचं आणि गाभा तोच कॉर्टेक्स-ए७, ज्याचा आराखडा २०११ सालचा. अडीच वर्षांनी, १० सप्टेंबर २०१८ रोजी, वेअर ३१०० आली. तीही २८ नॅनोमीटरची. त्याच आठवड्यात ॲपलने ७ नॅनोमीटरची चिप असलेले आयफोन दाखवले. घड्याळांचा धंदा लहान, म्हणून त्यावर नवं तंत्र खर्च करायचं नाही, असा सरळ व्यापारी विचार त्यामागे असावा. पण घड्याळं रात्रीपर्यंत टिकत नाहीत म्हणून धंदा वाढत नव्हता, हेही तितकंच खरं.

३१०० मध्ये एक चांगली गोष्ट होती. मुख्य चिपच्या जोडीला क्यूसीसी १११० नावाची एक चिमुकली सहायक चिप दिली होती. मोठी चिप झोपली असताना वेळ दाखवणं, सेन्सरकडे लक्ष ठेवणं ही कामं ती करायची, रात्रपाळीच्या राखणदारासारखी. पुढची सगळी वाट या कल्पनेतूनच निघाली, पण २०१८ मध्ये राखणदाराच्या हाती फारसे अधिकार दिलेले नव्हते.

त्याच वर्षी हुआवेने जे केलं, ते या सगळ्या मागोव्यातलं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. २०१७ च्या हुआवे वॉच २ मध्ये गुगलची प्रणाली, स्नॅपड्रॅगन वेअर २१०० आणि ४२० एमएएचची बॅटरी होती. नेहमीच्या वापरात ते साधारण दोन दिवस चालायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या वॉच जीटीमध्येही बॅटरी ४२० एमएएचचीच होती. पण कंपनीने गुगलची प्रणाली आणि क्वालकॉमची चिप दोन्ही सोडून स्वतःची हलकी प्रणाली मायक्रोकंट्रोलरवर चालवली. दावा दोन आठवड्यांचा. म्हणजे एकीकडे दिवसाला सुमारे २१० एमएएच, दुसरीकडे तीस. बॅटरी तीच, कंपनी तीच, मध्ये जेमतेम दीड वर्ष. जीटीमध्ये बाहेरची ॲप्स चालत नव्हती, निरोपाला उत्तर देता येत नव्हतं, पण बहुतेकांना त्याची उणीव भासली नाही. अमेझफिट बिप या घड्याळाने याआधीच १९० एमएएचवर ४५ दिवसांचा दावा करून बाजाराला धक्का दिला होता.

मायक्रोकंट्रोलरही या काळात बदलत गेले. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधनातून २०१० मध्ये उभी राहिलेली अँबिक ही कंपनी ट्रान्झिस्टर नेहमीच्या उंबरठ्याहून कमी व्होल्टेजवर चालवू लागली. व्होल्टेज निम्मं केलं की प्रत्येक आकडेमोडीला लागणारी ऊर्जा चौथाईवर येते, हे त्यामागचं साधं सूत्र. धावण्याच्या आणि डोंगरभटकंतीच्या घड्याळांत सोनीच्या कमी वीज खाणाऱ्या जीपीएस चिपा आल्या आणि दोन-तीन दिवसांच्या रेंज ट्रेकचा माग एका चार्जिंगमध्ये ठेवणं शक्य झालं. सुरुवातीला अचूकता थोडी घसरल्याची ओरड झाली, ती पुढे कमी होत गेली.

आपल्याकडे स्मार्टवॉचची लाट नॉइज, बोट आणि फायर-बोल्ट यांच्या दीड-दोन हजारांच्या घड्याळांनी आणली. काउंटरपॉइंट या बाजार-संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०२२ च्या उत्तरार्धात भारत विकल्या जाणाऱ्या नगांच्या हिशेबात जगातली सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ ठरला. ही बहुतेक घड्याळं साध्या मायक्रोकंट्रोलरवर चालतात, म्हणूनच एवढी स्वस्त आणि दमदार. पण खोक्यावर सात दिवस लिहिलेलं असतं आणि घरी दोन-तीनच दिवस मिळतात, ही तक्रारही घरोघरी ऐकू येते. त्यात दोष बहुधा ब्लूटूथ कॉलिंगचा असतो. आवाजासाठी रेडिओ सतत चालू, वर स्पीकर आणि माइक. अशा वेळी झोपाळू प्रोसेसरची सगळी बचत कॉलच्या मिनिटांत संपते. खोक्यावरचे सात दिवस कॉल न करता मोजलेले असतात, आणि हे बारीक अक्षरांत लिहिणं मला ग्राहकाची फसवणूकच वाटते. प्रोसेसरचं नाव तर बहुतेक खोक्यांवर नसतंच.

गेल्या चार-पाच वर्षांत फोनची चिप आणि मायक्रोकंट्रोलर या दोन्ही वाटा एकत्र आल्या. २०२१ मध्ये सॅमसंगची ५ नॅनोमीटरची एक्सिनॉस डब्ल्यू९२० आली. तिच्यात पडद्यासाठी वेगळा कमी विजेचा गाभा होता. जुलै २०२२ मध्ये क्वालकॉमने अखेर ४ नॅनोमीटरची डब्ल्यू५ प्लस आणली, आणि तिच्यासोबतच्या सहायक चिपकडे खरोखरच कामं सोपवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलने आपलं पहिलं पिक्सेल वॉच काढलं, पण २०१८ च्या एक्सिनॉस ९११० वर. दावा चोवीस तासांचा. पुढच्या वर्षी चिप बदलून डब्ल्यू५ घेतली, बॅटरी फक्त १२ एमएएचने वाढली, आणि तेच चोवीस तास आता पडदा कायम चालू ठेवून मिळू लागले.

वनप्लसची गोष्ट तर अख्ख्या दशकाचा प्रवास तीन वर्षांत आटोपणारी. २०२१ चं पहिलं घड्याळ निव्वळ मायक्रोकंट्रोलरवर, ४०२ एमएएच, दोन आठवडे, पण बाहेरची ॲप्स नाहीत. २०२४ च्या वॉच २ मध्ये स्नॅपड्रॅगन डब्ल्यू५ आणि बीईएस २७०० अशा दोन चिपा, दोन प्रणाली. नकाशे किंवा ॲप उघडलं की पहिली, बाकी सगळा दिवस दुसरी. ५०० एमएएचवर शंभर तासांचा दावा. गुगलची प्रणाली ठेवूनही चार दिवस मिळू शकतात, हे त्याने दाखवलं.

आणि पेबल? डिसेंबर २०१६ मध्ये ती कंपनी फिटबिटला विकली गेली, फिटबिट २०२१ मध्ये गुगलकडे गेली. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलची प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि मिजिकोव्स्कीने नव्याने घड्याळं बनवायला घेतली. त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या पडद्याच्या घड्याळात नॉर्डिकची एनआरएफ ५२८४० ही कमी विजेची चिप आहे आणि दावा तीस दिवसांचा आहे.

नवं घड्याळ घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरच्या दिवसांआधी दोन गोष्टी विचारा: आत कुठली चिप आहे, आणि ते दिवस कॉलिंग व कायम चालू पडदा धरून मोजलेत का. मनगटावर ॲप्स आणि नकाशे खरोखर हवे असतील तर दोन चिपांचं घड्याळ घ्या. वेळ, निरोप, पावलं आणि झोप एवढंच हवं असेल तर मायक्रोकंट्रोलरवालं पुरेसं आहे, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.