जुन्या मोटारसायकलीतील विजेचा जमाखर्च

बंगळुरू शहराच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून आनेकल तालुका आहे. जिगणी आणि बोम्मसंद्र या औद्योगिक वसाहती याच तालुक्यात येतात, आणि त्याच्या पश्चिम अंगाला बन्नेरघट्टाच्या राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य पसरलेले आहे. कारखान्यातील दुसरी पाळी संपवून अरण्याच्या कडेने गावाकडे परतणाऱ्या माणसाला रस्त्यात हत्ती आडवा येण्याचा संभव असतो. अशा वाटेवर मोटारसायकलीचा दिवा पिवळा पडू लागावा आणि मागोमाग इंजिनही अडखळू लागावे, ही केवळ गैरसोय राहत नाही. तो जिवाचा प्रश्न होतो.

अशा प्रसंगी बॅटरी निकामी झाली असे समजून नवी विकत घेण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा थोड्याच दिवसांत तीही मान टाकते. याचे कारण असे की, बॅटरी ही वीज साठविते, निर्माण करीत नाही. निर्मितीचे काम इंजिनाला जोडलेल्या जनित्राचे असते. दोष साठवणीत आहे की निर्मितीत, हे विद्युत्-दाब मोजल्यावाचून कळत नाही. ही मोजणी साध्या मल्टीमीटरने दहा मिनिटांत करता येते.

प्रथम दाबाचे तत्त्व समजून घेऊ. घराच्या गच्चीवरील टाकीत खालून पाणी चढवावयाचे असेल, तर पंपाचा दाब टाकीतील पाण्याच्या दाबाहून अधिक असावा लागतो. बॅटरीचेही तसेच आहे. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या एका घटाचा दाब, तो पूर्ण भारित असताना, सुमारे २.१ व्होल्ट असतो. तीन घटांच्या बॅटरीला आपण ६ व्होल्टची म्हणतो; तिचा प्रत्यक्ष दाब ६.३ व्होल्टच्या आसपास भरतो. सहा घटांच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीचा तो १२.६ ते १२.७ असतो. तीत वीज भरावयाची तर दर घटामागे सुमारे २.३ ते २.४ व्होल्ट दाब लागतो. म्हणजेच ६ व्होल्टच्या गाडीत ६.९ ते ७.२, आणि १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४. पुढील सर्व विवेचन या आकड्यांवर आधारलेले आहे.

जुन्या गाड्यांत जनित्राचे दोन प्रकार आढळतात. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा आणि पुढे १९७३ पासून येझदी या मोटारसायकली तयार होत. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. त्यांपैकी जुन्या गाड्यांत ६ व्होल्टचा डायनॅमो असे. डायनॅमोत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासून प्रवाह एकाच दिशेने बाहेर आणतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अल्टरनेटरमध्ये, स्थिर वेटोळ्यांभोवती चुंबक फिरतो. त्यातून निघणारा प्रवाह दिशा बदलत राहतो. म्हणून तो रेक्टिफायरमधून नेऊन एकदिश करावा लागतो. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये यासाठी दोन्ही प्रकारांत नियामक, म्हणजे रेग्युलेटर, बसविलेला असतो.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. मल्टीमीटर एकदिश दाबाच्या २० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवावा. तांबडी तार बॅटरीच्या धन अग्राला आणि काळी ऋण अग्राला लावावी. काही जुन्या इंग्रजी घडणीच्या गाड्यांत धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते. म्हणून रंगावर विसंबून न राहता अग्रावरील खूण पाहावी.

पहिले माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन बंद असताना घ्यावे. ते बॅटरीची स्थिती दर्शविते. १२ व्होल्टच्या बॅटरीत १२ हून, किंवा ६ व्होल्टच्या बॅटरीत ६ हून कमी आकडा आला, तर ती जवळजवळ रिती आहे. अशी बॅटरी आधी बाहेर काढून भारून घ्यावी. एरवी पुढची मापे फसवी येतात.

दुसरे माप इंजिन सुरू करून घ्यावे. मंद गतीत आकडा फारसा वाढला नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. डायनॅमो मंद गतीत सहसा वीज भरू शकत नाही. गती मध्यम करावी आणि आकडा पाहावा. मग मोठा दिवा लावून पुन्हा पाहावा. आकडा किंचित उतरेल, परंतु तो पहिल्या मापाच्या वरच राहिला पाहिजे.

निष्कर्ष तीन प्रकारचे निघतात. आकडा वर दिलेल्या मर्यादेत असेल, तर निर्मिती ठीक आहे. तरीही बॅटरी उतरत असेल, तर दोष बॅटरीचाच समजावा. गती वाढवूनही आकडा पहिल्या मापाच्या वर चढत नसेल, तर जनित्र, नियामक किंवा जोडण्या यांपैकी कोठेतरी खोट आहे. अशा वेळी नवी बॅटरी घेणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणे होय. तिसरा प्रकार याच्या उलट आहे. दाब ७.५ किंवा १५ व्होल्टच्या वर गेला, तर नियामक बिघडला आहे. मग घटांतील पाण्याचे विघटन होऊन ते आटते आणि दिव्यांच्या तारा जळतात.

आकडा कमी आल्यास आधी जोडण्या तपासाव्यात. ३५ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेतो, तर १२ व्होल्टवर त्याला ३ अँपिअर पुरतात. गंजलेल्या एका सांध्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर पहिल्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे एकूण दाबाचा दहावा भाग, तेथेच खर्ची पडतो. दुसरीत ०.३ व्होल्ट, म्हणजे अवघा चाळिसावा भाग जातो. पावसाळ्यानंतर ६ व्होल्टच्या गाड्या अधिक कुरकुर करतात, त्याचे हे एक कारण आहे. सांधे घासून घट्ट केल्यावर पुन्हा माप घ्यावे. एवढ्याने फरक न पडल्यास डायनॅमोचे ब्रश झिजले आहेत काय, अथवा अल्टरनेटरची वेटोळी तुटली आहेत काय, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. तार अग्राला टेकवून ठिणगी पाहण्याची जुनी खोड घातक आहे. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो स्फोटक असतो. तसेच इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. दाब एकाएकी उसळून दिवे आणि नियामक दोन्ही जातात.

दर दोन महिन्यांनी ही दोन मापे तारखेसह वहीत टिपून ठेवावीत. आकडा हळूहळू उतरत असल्याचे वहीत आधी दिसते, दिव्यावर त्याचा परिणाम पुष्कळ नंतर होतो. तेवढ्या अवधीत दुरुस्ती दिवसाउजेडी आणि थोड्या खर्चात उरकता येते.