मृगयाचित्रण, ब्रिटिश

मृगयाचित्रण, ब्रिटिश : अश्व, शिकार, घोड्यांच्या शर्यती, शिकारी कुत्रे आणि ग्रामीण भागातील उच्चवर्गीयांचे रंजनप्रकार यांना वाहिलेली ब्रिटनमधील एक चित्रशाखा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचा उगम झाला, अठराव्या शतकात ती परिणत झाली आणि एकोणिसाव्या शतकात मुद्राचित्रांच्या द्वारे ती सामान्य घरांपर्यंत पोहोचली. व्यक्तिचित्रण, निसर्गचित्रण व प्राणिचित्रण या तिन्हींचा तीत संगम आढळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांबरोबर ती भारतात आली. पश्चिम भारतात तिचे धागे पुण्याचा पेशवे दरबार, बोरघाट आणि रायगड जिल्ह्यातील खालापूर व कर्जत या तालुक्यांपर्यंत येऊन पोहोचतात.

पार्श्वभूमी : इंग्लंडमध्ये शिकार हा केवळ विरंगुळा नव्हता, ती जमीनमालकीशी निगडित अशी सामाजिक खूण होती. १६७१ च्या शिकारविषयक कायद्यान्वये ठरावीक उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांनाच ससे, तितर इत्यादींची शिकार करण्याचा अधिकार होता. ज्याच्या शेतात ससा चरे, त्या कुळाला तो मारण्याची मुभा नव्हती. ही मालमत्तेची अट १८३१ पर्यंत टिकली. याच काळात सामाईक गायराने व पडीक जमिनी यांना कुंपणे घालून त्या खाजगी मालकीत आणल्या जात होत्या. अशा परिस्थितीत स्वतःची जमीन, वाडा, पागा आणि कुत्रे यांसह आपले चित्र काढवून घेणे म्हणजे आपल्या हक्काचा दृश्य दाखलाच भिंतीवर लावणे होते. टॉमस गेन्झबरोच्या ‘मिस्टर अँड मिसेस अँड्रूझ’ (सु. १७५०) या चित्रात काखेत बंदूक धरलेला जमीनदार व त्याची पत्नी एका बाजूस असून उरलेल्या भागात त्यांची शेते पसरलेली आहेत. कापणी केलेल्या धान्याच्या पेंढ्या चित्रात आहेत; कापणी करणारे मात्र नाहीत.

अश्वपैदाशीतील प्रगती हेही या शाखेच्या उत्कर्षाचे एक कारण होय. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्वेकडील देशांतून आणलेल्या अश्वांच्या संकरातून ‘थरोब्रेड’ ही शर्यतीची जात सिद्ध झाली. सु. १७५० मध्ये जॉकी क्लब स्थापन झाला, १७८० मध्ये डर्बी शर्यत सुरू झाली आणि १७९१ मध्ये अश्वांच्या वंशावळींची नोंदवही प्रसिद्ध झाली. मौल्यवान अश्वाच्या मालकास त्याची वंशावळ जितकी हवी असे, तितकेच त्याचे हुबेहूब चित्रही हवे असे.

प्रमुख चित्रकार : फ्रान्सिस बार्लो (सु. १६२६–१७०४) हा या शाखेचा आद्य प्रवर्तक मानला जातो. त्याच्यानंतर जॉन वुटन (सु. १६८२–१७६४), पीटर टिलमन्स (१६८४–१७३४) व जेम्स सीमोर (सु. १७०२–५२) यांनी शर्यतीची मैदाने व शिकारीचे मेळावे रंगविले. त्यांच्या चित्रांत घोड्याची शरीररचना पुष्कळदा ठोकळेबाज असते.

जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) याने हे चित्र पालटले. त्याने १७५६ पासून सु. १८ महिने लिंकनशरमधील एका एकांत ठिकाणी मृत घोड्यांचे विच्छेदन करून स्नायू, शिरा व अस्थी यांची रेखाटने केली. ती द ॲनॅटमी ऑफ द हॉर्स या ग्रंथात १७६६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘व्हिसलजॅकेट’ (सु. १७६२) या सु. तीन मीटर उंचीच्या तैलचित्रात त्याने स्वार, खोगीर, भूमी व आकाश या सर्वांना फाटा देऊन रिकाम्या पार्श्वभूमीवर केवळ उसळलेला घोडा उभा केला. स्टब्जचे वेगळेपण आणखी एका बाबतीत आहे : घोड्याशेजारचा मोतद्दार त्याने दुय्यम लेखला नाही. ‘हॅम्बलटोनियन, रबिंग डाउन’ (१८००) या चित्रात शर्यतीने पूर्ण थकलेला घोडा, त्याचा लगाम धरणारा माणूस आणि त्याला पुसणारा पोऱ्या या तिघांनाही सारखेच वजन दिले आहे. शीर्षकात नाव मात्र घोड्याचेच आहे.

स्टब्जनंतर सॉरी गिल्पिन (१७३३–१८०७), बेंजामिन मार्शल (१७६८–१८३५), जॉन फ्रेडरिक हेरिंग (१७९५–१८६५) यांनी ही परंपरा पुढे नेली. हेन्री ऑल्कन (१७८५–१८५१) याची कोल्ह्याच्या शिकारीची रंगीत मुद्राचित्रे ॲक्वाटिंट तंत्राने छापली जात व पथिकगृहे, क्लब आणि मध्यमवर्गीय घरे यांच्या भिंतींवर लागत. एडविन लँडसीअर (१८०२–७३) याने स्कॉटलंडमधील दिमाखदार हरणांना भावनाप्रधान रूप दिले. विसाव्या शतकात ॲल्फ्रेड मनिंग्ज (१८७८–१९५९) हा या शाखेचा अखेरचा मोठा चित्रकार ठरला. तत्पूर्वी १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने काढलेल्या छायाचित्रांनी एक जुना संकेत मोडीत काढला. चौखूर उधळलेल्या घोड्याचे पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणून तो हवेत तरंगत असल्याचे चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या दाखवीत आले होते. प्रत्यक्षात घोड्याचे चारही पाय भूमीपासून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे या छायाचित्रांमुळे सिद्ध झाले.

भारतातील विषय : या शाखेचा भारताशी संबंध प्रथम प्राण्यांच्या द्वारे आला. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने तिसऱ्या जॉर्ज राजास भेट दिलेला चित्ता व त्याचे दोन भारतीय रखवालदार स्टब्जने सु. १७६४-६५ मध्ये रंगविले. चित्त्याच्या डोळ्यांवरची तांबडी टोपी नुकतीच मागे सारली आहे आणि एक रखवालदार समोरच्या सांबराकडे निर्देश करीत आहे, असा हा प्रसंग आहे. दोन्ही रखवालदारांचे चेहरे स्वतंत्र व्यक्तींचे आहेत, नमुन्यादाखल काढलेले नाहीत. या दृष्टीने हे चित्र अपवादात्मक होय. योहान झोफनी (१७३३–१८१०) याने लखनौ येथील कोंबड्यांच्या झुंजीचे व बंगालमधील वाघाच्या शिकारीचे चित्र काढले. टॉमस विल्यमसन याच्या ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स (१८०५–०७) या ग्रंथातील ४० रंगीत चित्रे सॅम्युएल हॉविट याने सिद्ध केली. हॉविट भारतात कधीच आला नव्हता. विल्यमसनच्या रेखाटनांवरून त्याने ती रचली. ब्रिटिश वाचकांच्या मनातील हिंदी शिकारीचे दृश्य अशा रीतीने मोठ्या प्रमाणात लंडनमध्ये घडले. हत्तीवरील साहेब त्यात ठळक दिसतो, तर रान उठविणारे हाकेकरी दूर अंतरावर ठिपक्यांसारखे दिसतात.

पश्चिम भारतात रानडुकराची भाल्याने शिकार, कोल्ह्यांचा कुत्र्यांकरवी पाठलाग आणि अरबी घोड्यांच्या शर्यती हे कंपनीच्या अधिकाऱ्यांचे आवडते प्रकार होते. ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझीन हे त्यांना वाहिलेले नियतकालिक मुंबईहून १८२८ ते १८३३ या काळात निघत असे.

मॅलेट, वेल्स व तांबट : पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स वॉर मॅलेट (१७५२–१८१५) याच्या आश्रयाने या प्रदेशातील चित्रकलेचा एक महत्त्वाचा अध्याय घडला. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) हा १७९१ मध्ये मुंबईस आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे प्रभृतींची चित्रे काढली. मॅलेटच्या प्रेरणेने पेशव्यांनी स्थापन केलेल्या चित्रशाळेत तो शिकवीत असे. तेथील गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट याने लेण्यांची तसेच पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राण्यांची रेखाटने केली. शिकारखाना म्हणजे राजेलोकांनी पाळलेल्या वन्य प्राण्यांचे संग्रहालय होय.

तांबटाने पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा १७९० च्या सुमारास चितारला. भारतातून इंग्लंडात नेलेला एक गेंडा स्टब्जने लंडनमध्ये जवळजवळ याच वेळी, सु. १७९०-९१ मध्ये, रंगविला. कातडीच्या घड्या, खुरांची ठेवण व डोळ्यांचा मंदपणा यांचे निरीक्षण दोघांनीही कसोशीने केले आहे. एकाने शवविच्छेदनाच्या अभ्यासातून आणि दुसऱ्याने पुण्याच्या कारागिरीच्या परंपरेतून मिळविलेली ही दृष्टी होती. अमेरिकन संग्राहक पॉल मेलन याच्या देणगीतून येल विद्यापीठात उभारलेल्या व १९७७ मध्ये खुल्या झालेल्या ब्रिटिश कलाकेंद्रात स्टब्जची चित्रे आणि तांबटाची रेखाटने एकाच छपराखाली आहेत. स्टब्जच्या नावावर ग्रंथांची रांग उभी आहे. तांबटाचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे परिचित नाही.

वेल्स १७९५ मध्ये साष्टी बेटावर मरण पावला. त्याच्या रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियल याने मॅलेट व पेशवे यांच्यातील १७९० च्या तहाचा दरबारप्रसंग रंगविला. तो १८०५ मध्ये लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत प्रदर्शित झाला. वेल्सची कन्या सुसाना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला.

बोरघाट, चौक व माथेरान : मुंबईहून पुण्यास जाणारा जुना मार्ग पनवेल, चौक, खालापूर व खोपोलीवरून बोरघाट चढून जात असे. खोपोली येथे नाना फडणीसांनी बांधलेला तलाव व महादेवाचे देऊळ हा या मार्गावरील प्रवाशांचा विसावा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या युरोपीय प्रवाशांच्या वर्णनांत त्याचे उल्लेख येतात. घोडे, तट्टे, पालख्या आणि भोई यांची वर्दळ या वाटेवर असे. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये लोहमार्ग झाला.

मॅलेट व सुसाना यांचा एक पुत्र, म्हणजेच चित्रकार वेल्स याचा नातू, ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर झाला. मे १८५० मध्ये चौक येथे मुक्काम असताना तो समोरचा डोंगर चढून गेला. ब्रिटिशांच्या दप्तरी माथेरानचा ‘शोध’ लागला तो या दिवशी. हा प्रदेश तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि त्या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. सांप्रत चौक खालापूर तालुक्यात व माथेरान कर्जत तालुक्यात मोडते.

माथेरानची आखणी पाहता मृगयाचित्रांतील इंग्रजी ग्रामीण जीवनच सु. ८०० मी. उंचीवर मांडल्यासारखे वाटते. झाडीतून वळत जाणाऱ्या घोडवाटा, दूरवरचा देखावा दिसेल अशी टोके, बागेने वेढलेले बंगले आणि ऑलिंपिया हे शर्यतीचे मैदान ही त्याची अंगे होत. मात्र डोंगर ‘सापडण्यापूर्वी’ तो निर्जन नव्हता. धनगरांचे वाडे, ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या त्याच्या माथ्यावर व उतारांवर होत्या. या रानातील जनावरांच्या वाटा, पाणवठे व ऋतुमान यांचे ज्ञान त्यांच्याकडेच होते. कातकऱ्यांची शिकार ही पोटासाठी होती. धनुष्यबाण, फासे यांनी ससे, पाखरे मारणे, बिळातील उंदीर खणून काढणे आणि ओढ्यांत मासे धरणे हे तिचे स्वरूप होते. १८७८ च्या वनविषयक कायद्याने राखीव जंगलांतील शिकारीवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला. इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्याने कुळांच्या वाट्यास जे आले होते, त्याचीच ही वेगळ्या भूमीवरील आवृत्ती होय : एकाची शिकार क्रीडा ठरली व दुसऱ्याची चोरी.

मूल्यमापन : कलासमीक्षेत या शाखेस दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. घोड्याचे चित्र हे इतिहासचित्र वा धर्मचित्र यांच्या तोडीचे नाही, असे रॉयल ॲकॅडमीचे मत होते. विसाव्या शतकात, विशेषतः मेलनच्या संग्रहामुळे, स्टब्जचे श्रेष्ठत्व सर्वमान्य झाले. लंडनच्या राष्ट्रीय कलावीथीने १९९७ मध्ये ‘व्हिसलजॅकेट’ संपादन केले. या चित्रांमागील प्रत्यक्ष क्रीडा मात्र मागे पडल्या. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस आळा बसला. इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर २००४ च्या कायद्याने बंदी आली.

या चित्रशाखेचे ऐतिहासिक मोल दुहेरी आहे. प्राण्याकडे बारकाईने व आदराने पाहण्याची शिस्त तिने घालून दिली. त्याचबरोबर भूमी कोणाची, शिकारीचा हक्क कोणाचा आणि चित्रात नाव कोणाचे, हेही तिने नकळत नोंदवून ठेवले. माथेरानमध्ये घोडा आजही नित्याच्या वाहतुकीचे साधन आहे. तेथील घोड्यांना नावे असतात आणि प्रवासी ती आवर्जून विचारतात. लगाम धरून तांबड्या मातीच्या वाटेने पुढे चालणाऱ्या माणसाचे नाव सहसा विचारले जात नाही. स्टब्जच्या मोतद्दारांकडे पाहताना हे साम्य ध्यानात येते.