गावाची जुनी छायाचित्रे आणि प्राथमिक शाळा

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि दप्तरे डोळ्यांपुढे येतात. पुष्कळ गावांत यांपैकी एकही साधन हाती लागत नाही आणि म्हणून ‘आमच्या गावाला इतिहास नाही’ असा समज रूढ होतो. परंतु घराघरांतील भिंतींवर, जुन्या ट्रंकांत आणि देव्हाऱ्याच्या फळीवर एक साधन अद्याप शिल्लक आहे. ते म्हणजे जुनी छायाचित्रे. परिसर अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग कसा करावा, याचा येथे विचार केला आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. खेड्यांत मात्र ही कला फार उशिरा पोहोचली. लग्न, सत्कार किंवा शाळेचा निरोपसमारंभ अशा प्रसंगीच तालुक्याच्या गावाहून छायाचित्रकार बोलावला जाई. साहजिकच इमारतीचे छायाचित्र मुद्दाम कोणी क्वचितच काढी. चावडी, वेस, मंदिर, शाळा ही माणसांच्या पाठीमागे सहज आली. म्हणून छायाचित्र पाहताना चेहऱ्यांइतकेच लक्ष मागील भिंतीकडे द्यावे. भिंत दगडी आहे की पांढऱ्या मातीची, छप्पर धाब्याचे, कौलारू की पत्र्याचे, ओटा किती उंच, हे सारे तेथे नोंदलेले असते.

बारामती-फलटण रस्त्यावरील, नीरेच्या खोऱ्यातील सांगवीचे उदाहरण घेऊ. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा निघाला आणि या पट्ट्यातील शेतीचे रूप हळूहळू पालटले. १९१४ मध्ये दौंड-बारामती अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. एखाद्या छायाचित्रात विहिरीवर मोट चालू आहे, दुसऱ्यात तेलाचे इंजिन आहे, तिसऱ्यात विजेचा खांब दिसतो. ही तीन चित्रे क्रमाने मांडली, तर पाणी आणि शेती यांचा पाठ मुलांना निराळा शिकवावा लागत नाही. तुकाराम महाराजांच्या पालखीचा बारामतीचा मुक्काम किंवा बेलवाडीचे रिंगण यांची जुनी चित्रे याच भागातील घरांत सापडली, तर दिंडीचा पोशाख, बैलगाड्या आणि रस्त्याची स्थिती यांची आजच्याशी तुलना करता येईल.

बहुतेक छायाचित्रांवर तारीख नसते. ती चित्रातील खुणांवरून ठरवावी लागते. शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ ही अक्षरे असतील, तर चित्र १ मे १९६२ नंतरचे, हे निश्चित. दुकानाच्या पाटीवर भाव ‘नये पैसे’ असा असेल, तर पाटी १ एप्रिल १९५७ नंतर रंगविलेली आहे. मात्र उलट अनुमान करताना सावध असावे. पाटीवर ‘लोकल बोर्ड’ आहे एवढ्यावरून चित्र १९६२ पूर्वीचे ठरत नाही. जुनी पाटी वर्षानुवर्षे तशीच टांगलेली राहू शकते. नवी वस्तू ‘यानंतरचे’ एवढे सांगते, जुनी वस्तू फारसे काहीच सांगत नाही. विचार करण्याची ही शिस्त मुलांना लागली, तर तोच या उपक्रमाचा मोठा लाभ होय.

छायाचित्र चेहरा जपते, नाव जपत नाही. नावे गावातील वृद्धांच्या स्मरणात असतात आणि ते स्मरण दरवर्षी थोडेथोडे उणे होत आहे. म्हणून चित्र घेऊन मुलांनी वृद्धांकडे जावे आणि ‘डावीकडून तिसरे कोण?’ अशा साध्या प्रश्नाने आरंभ करावा. एकाने सांगितलेले नाव दुसऱ्याकडून पडताळावे. वर्गाचे सामूहिक छायाचित्र असेल, तर शिक्षकाने जनरल रजिस्टर आणि जुने हजेरीपट पाहावेत. चित्रातील गुरुजींचा त्या शाळेतील सेवाकाल कळला, तरी वर्ष बरेच निश्चित होते. रजिस्टरातील जात, जन्मतारीख यांसारख्या खाजगी नोंदी मात्र मुलांपुढे मांडू नयेत.

चित्रात कोण नाही, हेही विचारावे. छायाचित्राला पैसे पडत. त्यामुळे वाडा दिसतो, वस्ती दिसत नाही. सत्कारमूर्ती खुर्चीवर दिसतात, पण मांडव घालणारे, ऊस तोडणारे, पाणी वाहणाऱ्या स्त्रिया चौकटीबाहेर राहतात. ज्या घरी एकही छायाचित्र नाही, त्या घरातील वृद्धांची आठवण लिहून घ्यावी आणि ती चित्रांच्या बरोबरीने ठेवावी. असे न केल्यास शाळेने जमविलेला गावाचा इतिहास अर्ध्याच गावाचा ठरेल.

विलंबाचा परिणाम काय होतो, हे शेजारच्या इंदापूर तालुक्यात पाहावयास मिळते. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात गेले. पाणी फार ओसरले म्हणजे तेथील पळसनाथाचे मंदिर दिसते. पण गावातील घरे, गल्ल्या आणि पार आता वृद्धांच्या आठवणीत व कोणाच्या घरी जपलेल्या चित्रांतच उरले आहेत. प्रत्येक गावावर धरणाचे पाणी येत नाही, हे खरे. परंतु जुने घर पाडून नवे बांधताना ट्रंकेतील चित्रे उकिरड्यावर जातात, तेव्हा हानी त्याच जातीची असते.

चित्रे हाताळताना पुढील काळजी घ्यावी. मूळ चित्र शाळेत ठेवून घेऊ नये. मालकाच्या संमतीने त्याच्याच घरी प्रत घ्यावी. खिडकीजवळच्या मंद उजेडात, दिवा न चमकविता, मोबाईल चित्राला समांतर धरून प्रत घेतली असता ती पुरेशी स्पष्ट येते. काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये; काचेसह प्रत घ्यावी. मूळ चित्रावर प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये. मागे लिहावयाचे झाल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे. प्रत्येक प्रतीला क्रमांक देऊन एका वहीत स्थळ, अंदाजे वर्ष, व्यक्तींची नावे, माहिती सांगणाऱ्याचे नाव आणि नोंदीची तारीख लिहावी. जे निश्चित नाही त्यापुढे तसे लिहावे.

या कामास निराळा निधी लागत नाही. आठवड्यातून एक तास, एक वही आणि मुलांचे कुतूहल एवढे पुरे. वर्षाअखेर वीस चित्रे नावांसह नोंदली गेली, तरी पुढील पिढीच्या हाती गावाचे एक विश्वसनीय साधन येईल. आरंभ शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रापासूनच करावा. त्यातील सर्व व्यक्तींची नावे आज शाळेत कोणास ठाऊक आहेत, हे प्रथम पाहावे.