गटप्रकल्प : श्रम कोणाचे, श्रेय कोणाचे ?

दहावी-बारावीनंतर आपली मुले-मुली गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील महाविद्यालयांत जातात. पुष्कळांच्या घरातील महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. एकट्याने अभ्यास करून परीक्षा देण्याची सवय त्यांना असते. परंतु पाच-सहा जणांनी मिळून एक काम करायचे आणि गुण सर्वांना सारखे मिळायचे, हा अनुभव नवा असतो. त्याविषयी त्यांना कोणी फारसे समजावून सांगत नाही.

पर्यावरण हा विषय सर्व पातळ्यांवर शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी जो नमुना अभ्यासक्रम केला, त्यात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्यास ठेवले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर क्षेत्रप्रकल्प पदवी अभ्यासक्रमाचाच भाग झाला. तेव्हा हे काम कसे करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

गटात काही जण राबतात व काही नुसते नाव लावतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती जुनीच आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली आणि १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ जण एकत्र ओढू लागले, तेव्हा त्यांची एकूण ताकद आठ जणांच्या स्वतंत्र ताकदीच्या बेरजेच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरली. ओढण्याचा मेळ न बसणे हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले : आपला वाटा वेगळा दिसत नाही असे वाटले की माणूस ढिला पडतो. वाटा ओळखता येऊ लागला की ही ढिलाई कमी होते. म्हणून पहिला नियम असा : प्रत्येकाचे काम पहिल्याच बैठकीत वहीत नावानिशी लिहावे.

उदाहरणादाखल आपल्या जिल्ह्यातील एखादा मामा तलाव घ्या. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव मात्र राहिले. एकाने महसुली दप्तरातील नोंदी पाहाव्या. दुसऱ्याने पाळ, गाद व बेशरमची झुडपे पाहून नकाशा काढावा. तिसरीने मच्छीमार संस्थेच्या सभासदांशी बोलावे. चौथ्याने धानाच्या शेतकऱ्यांना पाण्याविषयी विचारावे. मग प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकवावा. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोरी, काळी व मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तेढ वाढली, तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन यांनी हीच पद्धत वापरली. धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाकडे; त्याचे ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना. ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याचे ऐकणे भाग पडले.

आपल्याकडेही गट बहुधा खोली, भाषा आणि जात पाहून जमतात. शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, हे उत्तम. कामे वाटतानाही जुनी रीत डोकावते : मुलींनी सुवाच्य लिहायचे, खेड्यातल्याने धावपळ करायची आणि मंचावर तिसऱ्यानेच बोलायचे. हे मोडले पाहिजे. तोंडी परीक्षेत प्रत्येकाने बोललेच पाहिजे, असे आधीच ठरवावे. ढीवराच्या घरच्या मुलीला माशांच्या जाती ठाऊक असतात. कोणाचे आजोबा पाळीवर मजुरीला गेलेले असतात. ही माहिती ग्रंथालयात मिळत नाही. ती सांगण्यास संकोच करू नये, आणि अहवालात तिचे श्रेय सांगणाऱ्याच्या नावे द्यावे.

पैशाचा प्रश्न नाजूक असतो. बसभाडे, टंकलेखन, बांधणी यांचा अंदाज आधी करावा व सर्वांना झेपेल तेवढाच खर्च ठेवावा. ज्याच्याजवळ पैसे नसतात तो बोलत नाही, नुसता बैठकीला येणे सोडतो. मग त्याला आळशी ठरविले जाते. रोवणी किंवा धानकापणीच्या दिवसांत कित्येक विद्यार्थी घरच्या कामावर असतात. म्हणून गैरहजर सोबत्याला आधी कारण विचारावे, शेवटच्या बसची वेळ पाहून बैठक ठेवावी. तरीही कोणी टाळाटाळ केली, तर शिक्षकांना वेळीच सांगावे. गुण लागल्यावर भांडून उपयोग नसतो.

जून महिन्यातील सारस गणना पाहा. पहाटे निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी पथके बसतात, कारण एका तलावावरून उडालेला पक्षी दुसऱ्या तलावावर पुन्हा मोजला जाऊ नये. एक पथक झोपून राहिले तर साऱ्यांचा आकडा चुकतो. विद्यार्थी मित्रांनो, गटात आपले काम चोख करा, त्यावर आपले नाव लिहा आणि शेजाऱ्याचे नाव गाळू नका.