साखरेचे कुलूप आणि विषाणूची किल्ली

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. मात्र ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुणे व पिंपरी-चिंचवडला घेरले, तेव्हा त्या विषाणूपुढे पेनिसिलिन निरुपयोगी होते. या साथीतील देशातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला. ती एक शाळकरी मुलगी होती. शाळा, चित्रपटगृहे काही दिवस बंद ठेवावी लागली.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत घडू देत नाही. विषाणूला अशी भिंतच नसते. त्याला वाढण्यासाठी आपल्या पेशीत शिरावे लागते आणि त्याचा मार्ग साखरेतून जातो.

ही साखर स्वयंपाकघरातील नव्हे. गोड खाल्ल्याने ती वाढत नाही. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर शर्करारेणूंच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाशी बहुधा सायलिक आम्ल नावाची शर्करा असते. फ्लूचा विषाणू हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाने तिला पकडतो व आत शिरतो. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर पडताना त्याच शर्करेला चिकटून राहतात. तेव्हा न्यूरामिनिडेज हे दुसरे प्रथिन कात्रीप्रमाणे ती छाटून त्यांना मोकळे करते. ‘एच१एन१’ या नावातील दोन अक्षरे याच दोन प्रथिनांची.

कुलूप सर्वत्र सारखे नसते. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूने कोंबड्या दगावल्या, परंतु माणसांत लागण सिद्ध झाली नाही. पक्ष्यांच्या पेशींवर सायलिक आम्लाची जोडणी वेगळी असते. मानवी नाक-घशात ती जोडणी विरळ, फुप्फुसांत खोलवर मात्र आढळते. म्हणूनच बर्ड फ्लू माणसाला सहसा होत नाही, पण झाल्यास गंभीर ठरतो. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकारची कुलपे असल्याने तेथे भिन्न विषाणूंची सरमिसळ होऊ शकते.

ऑसेल्टामिवीर हे औषध विषाणूची कात्री निकामी करते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू व्हावे. हिमॅग्लुटिनिनचे रूप सतत बदलत असल्याने फ्लूची लसही दरवर्षी घ्यावी लागते. घरात ताप आला की कपाटातील उरलेली प्रतिजैविके देण्याची आणि अंगावर ताप काढत दुकानाच्या गल्ल्यावर बसण्याची सवय आपण सोडली पाहिजे. पहिलीने विषाणू मरत नाही. दुसरीने तो ग्राहकाच्या घरी पोहोचतो.