उच्च प्राथमिक स्तरावर मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सचे अध्यापन : ठाकुरवाडी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कर्जत व खालापूर तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याशी ठाकूर समाजाच्या अनेक वाड्या असून त्यांपैकी काहींचे नावच ठाकुरवाडी असे आहे. टाटांची खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) ही जलविद्युत केंद्रे याच भूमीत उभी राहिली आणि येथील वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरविली गेली. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्सची पहिली ओळख या परिसराच्या आधारे कशी करून देता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

परिसरातील दृष्टांत :
विद्युतदाब समजावताना सामान्यतः घराच्या गच्चीवरील टाकीचे उदाहरण दिले जाते. ज्या वाडीत गच्चीच नाही, तेथे ते निरुपयोगी ठरते. घाटमाथ्यावरील तलावातून खोपोलीकडे उतरणारे जाड नळ मात्र या भागातील मुलांच्या परिचयाचे असतात. पाण्याची उंची म्हणजे विद्युतदाब, वाहणारे पाणी म्हणजे विद्युतधारा व नळाचा अरुंदपणा म्हणजे रोध, असे सांगता येते. दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे : नळ तुटला तर पाणी सांडते, तार तुटली तर धारा थांबते. विहिरीच्या पंपाचा फूट व्हॉल्व पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो; डायोडचे कार्य तसेच होय.

पहिले परिपथ :
टॉर्चचा बल्ब सेल उलटा जोडला तरी पेटतो, एलईडी पेटत नाही. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः पाहिल्यावरच व्याख्या द्यावी. तीन कोरड्या सेलांचा दाब ४.५ व्होल्ट, लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात. उरलेले २.५ व्होल्ट रोधावर पडतात. २२० ओहमचा रोध (लाल, लाल, तपकिरी पट्टे) जोडल्यास धारा सुमारे ११ मिलिअँपिअर होते व एलईडी सुरक्षित राहतो. ओहमच्या नियमाचे हे गणित सातवीच्या विद्यार्थ्याला सहज जमते. प्रयोग केवळ सेलवरच करावेत. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीला हात लावू देऊ नये.

सौर कंदील :
विषयाची खरी कसोटी येथे लागते. बंद पडलेला कंदील बहुधा टाकून दिला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा तुटलेल्या तारेत किंवा गंजलेल्या जोडणीत असतो. पॅनेल, डायोड, बॅटरी, एलईडी या क्रमाने मल्टीमीटरने तपासणी केल्यास तो सापडतो. रात्री बॅटरीतील धारा पॅनेलकडे परत जाऊ नये म्हणून डायोड असतो, हेही तेव्हाच उमगते. मुंबईच्या आयआयटीने २०१४ मध्ये सुरू केलेल्या दशलक्ष सौरदिव्यांच्या उपक्रमात जोडणी व दुरुस्तीचे काम स्थानिकांना शिकविले गेले, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ (जि. पुणे) येथे १९८३ मध्ये स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची पद्धती शाळांत नेली; परंतु तो अभ्यासक्रम आठवीपासून पुढे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवसांचा दप्तरविरहित कालावधी सुचविला आहे. त्यात सुतार, कुंभार यांचा उल्लेख आहे. वाडीतील कंदील दुरुस्त करणाऱ्यालाही त्यात स्थान देता येईल. मात्र वाड्यांतील अनेक मुले आश्रमशाळेत राहून शिकतात व सुट्टीतच घरी येतात. त्यामुळे बिघडलेला कंदील त्यांनी शाळेत आणावा लागेल.